चार चौकटींतले आरोग्य : मोबाइलवर वाचाव्यात अशा काही चित्रपट्ट्या

वर्तमानपत्र हातात पडले की अग्रलेखाच्या आधी ‘चिंटू’ वाचणारी पिढी आज चाळिशीत पोहोचली आहे. १९९१ मध्ये प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या जोडीने सुरू केलेल्या या चित्रपट्टीने तीन-चार चौकटींत गोष्ट वाचण्याची सवय मराठी घरांना लावली. आता ती सवय मोबाइलवर गेली आहे. वसमतसारख्या तालुक्याच्या गावी कॉमिक्सचे दुकान शोधूनही सापडणार नाही. पण जगातल्या उत्तमोत्तम चित्रपट्ट्या हळदीच्या बाजारात लिलावाची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या खिशातही आहेत, त्याही फुकट.

अडचण वेगळीच आहे. त्याच मोबाइलवर आरोग्याची भलतीसलती चित्रेही येतात. ‘हे सात दिवस प्या, साखर गायब’, ‘डॉक्टर ही गोष्ट तुमच्यापासून लपवतात’ असा मजकूर रंगीत चित्रावर चढवून गावभर फिरतो. चित्र पटकन डोक्यात बसते, मग ते खरे असो वा खोटे. म्हणून चित्रपट्ट्यांच्या शौकिनांनी एकमेकांना काय वाचायला सुचवावे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा उरत नाही.

चित्र लक्षात का राहते?

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांनी १९७०च्या दशकात मांडलेली कल्पना सोपी आहे. शब्द आणि चित्र यांची नोंद मेंदू दोन वेगळ्या वाटांनी ठेवतो. एकच गोष्ट दोन्ही वाटांनी आत गेली, तर ती आठवायलाही दोन वाटा मिळतात. चित्रपट्टीत आणखी एक गंमत असते. दोन चौकटींच्या मधली कोरी जागा वाचकाला स्वतः भरावी लागते. पहिल्या चौकटीत हात उगारलेला आणि दुसऱ्या चौकटीत फुटलेला माठ दिसला, तर मधली कृती कुणी काढलेली नसते. ती वाचकाने मनात घडवलेली असते. स्वतः घडवलेली गोष्ट सहज विसरली जात नाही.

याचा दवाखान्यात उपयोग होतो का, हे अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासले गेले. जखमेला टाके घातलेल्या २३४ रुग्णांना घरी सोडताना सूचनांचा कागद दिला गेला. निम्म्यांच्या कागदावर सूचनांसोबत व्यंगचित्रे होती, निम्म्यांच्या कागदावर फक्त मजकूर. काही दिवसांनी फोन करून विचारणा झाली. चित्रे असलेला कागद ९८ टक्के रुग्णांनी वाचला होता, नुसता मजकूर असलेला ७९ टक्क्यांनी. जखमेच्या निगेबद्दलच्या सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे चित्रांच्या गटात ४६ टक्के निघाले. दुसऱ्या गटात अवघे ६ टक्के. आणि रोजची निगा खरोखर राखणारे अनुक्रमे ७७ आणि ५४ टक्के होते.

पुढे २००७ मध्ये इयन विल्यम्स या वेल्समधल्या डॉक्टरांनी, जे स्वतः चित्रकारही आहेत, कॉमिक्स आणि वैद्यक यांच्या या नात्याला ‘ग्राफिक मेडिसिन’ असे नाव दिले. आज काही वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना रुग्णाची बाजू कळावी म्हणून कॉमिक्स वाचायला दिली जातात.

घरातली शिफारस : नागपूरचा दंतवैद्य

यादीची सुरुवात महाराष्ट्रातूनच करता येते. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिकले दंतवैद्यक. नागझिरा अभयारण्यात पाहिलेल्या एका वाघिणीने त्यांना दातांकडून जंगलाकडे वळवले. २०१० मध्ये त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीव आणि पर्यावरणावरची चित्रपट्टी सुरू केली. पुढे ती आंतरराष्ट्रीय वितरण संस्थेमार्फत जगभर पोहोचली.

तिची खुबी अशी की प्राणी माणसासारखे बोलतात, पण वागतात आपल्या जातीप्रमाणेच. विनोदाला धक्का न लावता त्या पक्ष्याचे खाद्य, त्या बेडकाचा अधिवास, त्या कीटकाचे काम वाचकाला कळून जाते. भाषा इंग्रजी असली तरी वाक्ये छोटी आहेत. आठवी-नववीचा विद्यार्थी शब्दकोश जवळ ठेवून सहज वाचू शकतो.

वसमतच्या वाचकाला यात आरोग्य कुठे दिसेल? सापांच्या विषयात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली होती आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. म्हणजे हळदीची लागण, खुरपणी आणि गुडघाभर वाढलेल्या पानांतून फिरण्याचेच दिवस. चक्रवर्ती यांनी ‘प्रथम बुक्स’साठी सापांशी लांबूनच मैत्री करायला सांगणारे एक चित्रमय पुस्तकही केले आहे. साप दिसला की काठी उचलणारे मूल अशी चित्रे पाहून दोन पावले मागे सरकले, तर साप आणि मूल दोघेही वाचतात. दंश झालाच तर घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यातले काहीही न करता, दंश झालेला भाग न हलवता सरकारी रुग्णालय गाठायचे; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची प्रतिसर्पविष लस हाच उपाय. ही माहितीही चार चौकटींत सहज मावते.

मराठीत मिळणारी : मेन्स्ट्रुपीडिया

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या आदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांनी २०१२ मध्ये मासिक पाळीविषयी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यातून कॉमिक तयार झाले. प्रिया दीदी तिच्या धाकट्या बहिणीला आणि मैत्रिणींना वयात येताना शरीरात काय बदल होतात, पाळी का येते, त्या दिवसांत काय खावे, स्वच्छता कशी राखावी हे गप्पांमधून सांगते. कॉमिक मराठीतही उपलब्ध आहे, ही आपल्याकडच्या आयांसाठी आणि शिक्षिकांसाठी मोठी सोय.

या विषयावर बोलताना मोठ्यांचाच आवाज खाली जातो. पुस्तक मुलीच्या हाती दिले की पहिला संकोच चित्रे मोडून काढतात आणि उरलेले प्रश्न ती स्वतःच विचारू लागते. मुलग्यांनीही ते वाचायला हरकत नाही; वर्गातल्या चिडवण्यावर त्याहून चांगला इलाज नाही.

बातमी कशी वाचावी : एक्सकेसीडी

अमेरिकेचे रँडल मन्रो पूर्वी ‘नासा’च्या एका केंद्रात काम करत. २००५ पासून ते काड्यांच्या माणसांची ‘एक्सकेसीडी’ ही चित्रपट्टी काढतात. चेहऱ्यांना डोळे-नाक नाही, रंग बहुधा नाही. पण विज्ञान पक्के.

त्यांची २०११ मधली एक चित्रपट्टी आरोग्याच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहावी. एका प्रकारच्या गोळ्यांनी मुरुमे येतात का, हे शास्त्रज्ञ तपासतात. संबंध सापडत नाही. मग कुणी म्हणते, विशिष्ट रंगाच्याच गोळीने येत असतील. २० रंग एकेक करून तपासले जातात. १९ रंगांत काहीच नाही. हिरव्यात मात्र ‘संबंध’ सापडतो. शेवटच्या चौकटीत वर्तमानपत्राचा ठळक मथळा फक्त हिरव्या गोळीचा!

विनोदामागचे गणित असे. प्रत्येक चाचणीत निव्वळ योगायोगाने चुकीचा ‘होकार’ मिळण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर २० चाचण्यांत निदान एक तरी खोटा होकार मिळण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. म्हणजे तो मथळा विज्ञानाचा नव्हे, योगायोगाचा.

हळदीच्या गावाने हे विशेष लक्षात ठेवावे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिचा रंग आणि स्वाद यांचा अभिमान रास्तच आहे. पण हळदीतला कुर्क्युमिन हा घटक कर्करोगापासून विसरभोळेपणापर्यंत सारे बरे करतो, असे संदेश फिरतात तेव्हा हिरवी गोळी आठवावी. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकाने १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा संदर्भ देत दाखवून दिले की कुर्क्युमिन शरीरात नीट शोषले जात नाही, लवकर विघटित होते आणि काटेकोर चाचण्यांत औषध म्हणून ते टिकलेले नाही. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर दिसणारा परिणाम आणि माणसावर होणारा परिणाम यांत मोठे अंतर असते. भाजीतली हळद त्यामुळे वाईट ठरत नाही. तिच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करणे मात्र वाईट.

दुखणे सांगणाऱ्या दोन चित्रपट्ट्या

ब्रायन फाइस या अमेरिकी चित्रकाराच्या आईला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि तो मेंदूपर्यंत पोहोचला. घरात काय घडते आहे ते फाइस यांनी २००४ मध्ये नाव न देता इंटरनेटवर चितारायला सुरुवात केली. ‘मॉम्स कॅन्सर’ असे तिचे नाव. भावंडांतली धुसफूस, डॉक्टरांची अर्धवट कळणारी भाषा, केमोचे दिवस, धूम्रपानाची जुनी सवय यातले काहीच त्यात झाकलेले नाही. २००५ मध्ये तिला कॉमिक्स क्षेत्रातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला, तोही डिजिटल कॉमिकसाठीचा पहिलाच; पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपात आली. नांदेड-संभाजीनगरच्या रुग्णालयांच्या खेपा घालणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना त्या घरातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

दुसरी चित्रपट्टी नैराश्याची. ॲली ब्रॉश यांनी ‘हायपरबोल अँड अ हाफ’ या आपल्या चित्रमालिकेत २०११ आणि २०१३ मध्ये स्वतःच्या नैराश्याचे दोन भाग प्रसिद्ध केले. चित्रे मुद्दाम बाळबोध, मजकूर धारदार. नैराश्य म्हणजे सतत रडू येणे, ही समजूत त्या मोडतात. त्यांच्या अनुभवात दुःखही नाहीसे झाले होते, उरली होती पोकळी. माणसे सल्ले देत राहतात आणि मूळ गोष्ट कुणालाच दिसत नाही, हे सांगायला त्या मेलेल्या माशांचे रूपक वापरतात. कुणाचे पाळीव मासे मेले आहेत. तो ते सांगतो आहे. आणि लोक मात्र मासे हरवले असावेत, शोधू या, असा धीर देत आहेत.

‘मन रमव, देवदर्शनाला जा, सगळे ठीक होईल’ असे सांगणाऱ्या घराने हा भाग आवर्जून पाहावा. मात्र आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख त्यात असल्याने लहान मुलांना तो एकट्याने वाचायला देऊ नये. आणि चित्रपट्टी म्हणजे उपचार नव्हे. तसे विचार कुणाच्या मनात येत असतील, तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

हलकेफुलके हवे असेल, तर निक सेलक यांची ‘हार्ट अँड ब्रेन’ सुचवावी. मेंदू हिशेबी, हृदय उतावळे, पित्ताशय निरागस. मनापासून खडे तयार करून ते कौतुकाने दाखवणारे पित्ताशय एकदा पाहिले की सोनोग्राफीच्या अहवालाची भीती थोडी कमी होते.

पुढे पाठवताना

चित्रपट्टी आवडली की ती गटावर टाकावीशी वाटते. तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात. चित्रकाराचे नाव आहे का? आरोग्याची माहिती असेल, तर ती कोणत्या डॉक्टरच्या वा संस्थेच्या आधारे दिली आहे? कधीची आहे? आणि शेवटी काही विकत घ्यायला सांगते आहे का? नाव नाही, आधार नाही आणि बाटली विकायची आहे, तर ते कॉमिक नव्हे, जाहिरात. चित्रकाराची सही कापून चित्र पुढे पाठवणे हीदेखील चोरीच.

भाषेच्या भिंतीलाही दार आहे. ‘एक्सकेसीडी’च्या परवान्यानुसार श्रेय देऊन आणि पैसे न कमावता तिचे भाषांतर करता येते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोफत आहेत आणि भाषांतराची मुभाही आहे. वसमतच्या एखाद्या शाळेतल्या दहावीच्या मुलांनी महिन्याला एक पट्टी मराठीत आणली, तर वर्षाला बारा होतात.

शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने याच्याही पुढची वाट दाखवली आहे. खेड्यातल्या माणसांनीच चार चौकटींत आपली गोष्ट काढायची, झेरॉक्स करायची आणि भिंतीवर चिकटवायची. चित्रकला यावीच लागते असे नाही. मन्रो यांच्या माणसांना तरी कुठे नाक आहे? उद्या एखाद्या आशाताईने हळदीच्या शेतातला साप, दंश, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि रुग्णालयाचे दार अशा चार चौकटी काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्या, तर तिची शिफारस करायला कुणा समीक्षकाची गरज पडणार नाही.