वीज गेली, गाडी बोगद्यात थांबली. मग दरवाजे बंद का?

14 ऑगस्ट 2003 रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्य भागातील आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वीजपुरवठा कोसळला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्या वेळी सुमारे चार लाख प्रवासी होते. चारशेहून अधिक गाड्या होत्या तेथेच थांबल्या. काही फलाटाला लागलेल्या, काही पुलांवर, तर अनेक बोगद्यांत. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला दोन वर्षेही झाली नव्हती. डब्यात अंधारून येताच प्रवाशांच्या मनात पहिली शंका कोणती आली असेल, हे सांगायला नको. प्रत्यक्षात काही तासांतच कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना रुळांवरून चालवत सुखरूप बाहेर आणले.

अशा वेळी प्रवाशाला सर्वाधिक जाच होतो तो बंद दरवाजांचा. वीजच नाही, तर खाली उतरायला हरकत काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु न्यूयॉर्कच्या गाड्यांना वीज मिळते ती जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून, सहाशेहून अधिक व्होल्ट दाबाने. गेलेली वीज कोणत्याही क्षणी, पूर्वसूचनेशिवाय परत येऊ शकते, आणि तेव्हा अंधारात त्या रुळावर पडलेले पाऊल प्राणघातक ठरते. म्हणूनच त्या टप्प्याचा पुरवठा नियंत्रण कक्षाने मुद्दाम तोडला आहे, याची खात्री पटल्यावरच कर्मचारी प्रवाशांना उतरवतात. जो उशीर बेपर्वाई वाटतो, त्यातला बराचसा या खात्रीत जातो.

डब्यात थांबणे त्रासाचे असते, पण बहुधा सुरक्षित असते. ब्रेकमधील हवेचा दाब कमी झाला, तर ब्रेक सुटत नाहीत, उलट लागतात. त्यामुळे उतारावरही गाडी घरंगळत जात नाही. मोजके दिवे आणि उद्घोषणा बॅटरीवर चालू राहतात. वातानुकूलन मात्र बॅटरीला पेलत नाही. डबा हवाबंद नसल्याने लगेच गुदमरण्याची भीती नसते. भोवळ येते ती उकाड्याने आणि दाटीने. उद्घोषणेला बॅटरी पुरत असताना चालकाने गप्प राहण्याचे काही कारण नाही. दर चार-पाच मिनिटांनी दोन वाक्ये ऐकू आली, तरी प्रवाशांची निम्मी घालमेल कमी होते.

आपल्या देशाने असा प्रसंग 31 जुलै 2012 रोजी पाहिला. आदल्या पहाटे उत्तरेचे वीजजाळे कोसळले होते. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकदम गेली. सुमारे साठ कोटी लोक राहत असलेल्या प्रदेशाची वीज खंडित झाली. दोन्ही दिवशी घसरणीची सुरुवात बीना-ग्वाल्हेर या एकाच वाहिनीपासून झाली. दिल्लीची मेट्रो थांबली आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. मेट्रोला एकाहून अधिक उपकेंद्रांतून वीज मिळते. एक बंद पडले, तर दुसरे भार उचलते. पण सगळे जाळेच कोसळले, की ही तजवीज निरुपयोगी ठरते. भुयारी स्थानकांवरील डिझेल जनित्रे दिवे आणि पंखे चालवू शकतात, गाड्या नव्हे.

गोव्यात भुयारी रेल्वे नाही. पण नोकरी-शिक्षणासाठी बंगळुरू किंवा मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांना एक फरक ठाऊक असावा. बंगळुरूत 750 व्होल्टचा तिसरा रूळ आहे, म्हणजे धोका पायाशी. मुंबईच्या भुयारी मेट्रोत 25 हजार व्होल्टची वाहिनी डोक्यावर असते. दोन्हीकडे कर्मचाऱ्यांनी सांगेपर्यंत डबा सोडू नये.

वीज परतली, तरी गाड्या लगेच धावत नाहीत. न्यूयॉर्कच्या भुयारांतून पाऊस नसलेल्या दिवशीही सुमारे पाच कोटी लिटर पाणी उपसावे लागते. पंप बंद पडले, की ते साचू लागते. सिग्नल तपासावे लागतात, अडकलेल्या गाड्या हलवाव्या लागतात. 2003 मध्ये शहराची वीज 15 ऑगस्टच्या रात्री पूर्ववत झाली. भुयारी गाड्यांची सेवा पूर्णपणे सुरळीत व्हायला दुसरी सकाळ उजाडली.