ढिगाऱ्यासमोरची बाई

वसई किल्ल्याच्या पडक्या भिंती चित्रपटांत अनेकदा दिसतात. तिथे पडझड नुसती पार्श्वभूमी असते. १९४६ साली वोल्फगांग स्टाउटे यांनी ‘मारेकरी आपल्यातच आहेत’ हा युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट केला, तो मात्र बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या खऱ्याखुऱ्या बर्लिनमध्ये. त्यातली सुझान (हिल्डेगार्ड क्नेफ) छळछावणीतून परतते, तीही टवटवीत चेहऱ्याने, आणि आल्याआल्या घर आवरायला घेते. छावणीत तिने काय सोसलं, हे चित्रपट जवळजवळ विचारतच नाही. मनाची जखम दाखवली आहे ती युद्धावरून आलेल्या एका डॉक्टरची. सुझानने फक्त त्याला सावरायचं.

अशा चित्रांतून एक समज रुजला: जर्मनीचे ढिगारे तिथल्या बायकांनी पदर खोचून, आपखुशीने उपसले. इतिहासकार लिओनी ट्रेबर यांनी २०१४ मध्ये कागदपत्रांच्या आधारे हा समज खोडून काढला. बर्लिनमध्ये ढिगारे उपसणाऱ्या बायका फार तर ६० हजार होत्या. ब्रिटिश ताब्यातल्या भागात तर त्या तिथल्या स्त्रियांच्या ०.३ टक्केच होत्या. बहुतेक काम बांधकाम कंपन्यांनी यंत्रांनी केलं. बायका आल्या त्या मुख्यतः रेशनसाठी. बर्लिनमध्ये गृहिणीला सर्वांत खालचं कार्ड मिळे. लोक त्याला स्मशानाचं कार्ड म्हणत. अंगमेहनत केली तर वरचं कार्ड मिळे.

काहींना नाझी पक्षाच्या सदस्य म्हणून सक्तीने जुंपलं होतं. म्हणजे ढिगारा उपसणारी प्रत्येक बाई निष्पाप होती, हेही खरं नाही. ‘मेट्रोपोलिस’ चित्रपटाची लेखिका थेआ फॉन हार्बू हिचंच बघा. बेळगावकडचे पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी तिने गुपचूप लग्न केलं होतं. नामवंत जर्मन बाईने भारतीयाशी लग्न करणं नाझी राजवटीला चालणारं नव्हतं. तरीही ती पक्षाची सदस्य होती आणि नाझी काळात पटकथा लिहीत राहिली. १९४५ मध्ये ती ब्रिटिशांच्या कैदेत होती. सुटल्यावर तिनेही ढिगारे उपसले. प्रेम आणि पक्षनिष्ठा तिच्यात शेजारी शेजारी नांदत होती, हे पचायला जड जातं. पण ते तसंच मांडलं पाहिजे.

युद्धाच्या शेवटी सैनिकांनी केलेल्या बलात्कारांबद्दल बायकाच गप्प राहिल्या, हाही अन्याय करणारा समज. बर्लिनमधल्या एका अनाम स्त्रीची रोजनिशी १९५४ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आली, १९५९ मध्ये जर्मनमध्ये. जर्मन वाचकांनी तिच्यावरच चिखलफेक केली. हेल्के सांडर यांनी १९९२ च्या माहितीपटात अनेक पीडितांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. रोजनिशीवर २००८ मध्ये चित्रपट आला. इतर सैनिकांपासून वाचण्यासाठी त्या अनाम स्त्रीने एका रशियन अधिकाऱ्याचा आसरा घेतला होता. चित्रपटाने त्यात प्रेमकथा घातली. जगण्यासाठी पत्करलेल्या सौद्याला प्रेम म्हणणं मला तरी अक्षम्य वाटतं.