ऑस्ट्रेलियन नाण्यांचा संग्रह : सुरुवात कोठून करावी?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजनानंतर मी खिशातून पाच-सहा ऑस्ट्रेलियन नाणी काढून दाखविली आणि पाहता पाहता टेबलाभोवती गर्दी जमली. त्याचेच पर्यवसान संपादक मंडळाच्या आग्रहात व या लेखात झाले आहे. मी नाणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. उभा जन्म सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहण्यात गेलेला मी एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. कन्या मेलबर्नला स्थायिक झाल्यामुळे तेथे वारंवार जाणे झाले आणि बारीक पाहण्याची जुनी खोड नाण्यांकडे वळली, इतकेच.

इंदुरात राहून होळकरशाही नाणी सोडून हे परके खूळ कशाला, असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले. उत्तर सोपे आहे. जुन्या नाण्यांना लिपीचे ज्ञान लागते, खिसा लागतो आणि खऱ्याखोट्याची पारख लागते. आधुनिक ऑस्ट्रेलियन नाणी मात्र दुकानदाराने परत दिलेल्या मोडीतूनच गोळा करता येतात. उद्या कंटाळा आला तर त्याच नाण्यांची कॉफी पिता येते!

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले व आणे-पै गेले, हे ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. ऑस्ट्रेलियात हा बदल १४ फेब्रुवारी १९६६ रोजी झाला. पौंड-शिलिंग-पेन्स जाऊन डॉलर व सेंट आले. त्यासाठी कॅनबेरा येथे रॉयल ऑस्ट्रेलियन मिंट ही नवी टांकसाळ आदल्याच वर्षी सुरू झाली होती. स्टुअर्ट डेव्हलिन या कलावंताने नाण्यांवर तेथील प्राणिसृष्टीच उभी केली : १ सेंटवर फेदरटेल ग्लायडर, २ सेंटवर गळ्याभोवती झालर असलेला सरडा, ५ सेंटवर काटेरी अंगाचा एकिडना, १० सेंटवर पिसारा फुलविणारा लायरबर्ड आणि २० सेंटवर पाण्यात पोहणारा प्लॅटिपस. ५० सेंटवर राजचिन्ह आहे. पुढे १९८४ साली पाच कांगारूंचे १ डॉलरचे आणि १९८८ साली आदिवासी वृद्धाच्या मुद्रेचे २ डॉलरचे नाणे आले. गंमत अशी की, २ डॉलरचे नाणे १ डॉलरपेक्षा आकाराने लहान आहे. मी पहिल्या भेटीत हमखास फसत असे.

नवशिक्याने प्रथम हीच मालिका पुरी करावी, असे माझे मत आहे. ५ सेंटपासून २ डॉलरपर्यंतची सहा नाणी एका दिवसात हाती येतात. १ व २ सेंटची नाणी मात्र १९९२ पासून चलनातून काढून घेतली गेली. ती वितळवून मिळालेल्या धातूतून सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकची कांस्यपदके घडविली गेली. तरीही जुन्या डब्यांतून, बरण्यांतून ती अजून निघतात व विक्रेत्यांकडे अल्प किमतीत मिळतात.

त्यानंतर राणीची मुखे पाहावीत. एलिझाबेथ राणीचे वय नाण्यागणिक वाढत गेलेले दिसते. १९६६ ची आर्नल्ड मेचिन यांनी घडविलेली तरुण राणी, १९८५ पासूनची राफाएल मॅक्लूफ यांची, १९९९ पासूनची इयान रँक-ब्रॉडली यांची आणि २०१९ पासूनची जोडी क्लार्क यांची वृद्ध राणी. २०२२ साली राणीचे निधन झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांचे मुख असलेली १ डॉलरची नाणी चलनात येऊ लागली. एकाच व्यक्तीचे अर्धशतकाहून अधिक काळाचे वार्धक्य असे ओळीने मांडलेले पाहणे आम्हा वैद्यकीय मंडळींना विशेष रोचक वाटावे.

आता ज्या नाण्याने मला या छंदात खऱ्या अर्थाने ओढले, त्याविषयी. १९६६ चे ५० सेंटचे नाणे गोल होते व त्यात ८० टक्के चांदी होती. वजन १३.२८ ग्रॅम. थोड्याच काळात चांदीचा भाव वाढला, नाण्यातील धातूच दर्शनी किमतीहून महाग झाला आणि लोकांनी ती घरात दडवून ठेवली. शिवाय २० सेंटच्या नाण्याशी त्याचा घोटाळा होई. परिणामी गोल नाणे त्या एकाच वर्षी पाडले गेले, आणि १९६९ पासून तांबे-निकेलचे बारा बाजूंचे नाणे आले. आपले २० पैशांचे षटकोनी नाणे आठवा, म्हणजे कल्पना येईल.

कन्येच्या शेजारी राहणाऱ्या एक वयोवृद्ध निवृत्त परिचारिका होत्या. मी डॉक्टर आहे असे कळल्यावर रोज कुंपणाशी गप्पा होत. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ते गोल नाणे दिले. आपल्या पहिल्या पगारातून त्यांनी ते जपून ठेवले होते. काळवंडलेले, कडेला निळसर-सोनेरी छटा आलेले. मी इंदूरला परतलो आणि देव्हाऱ्यातील चांदीची निरांजने घासतात तसे ते दंतमंजनाने घासून लख्ख केले! पुढच्या भेटीत मोठ्या अभिमानाने त्यांना दाखविले. बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छान चमकतेय." त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने भिंगातून पाहून सांगितले की, पृष्ठभागावर बारीक ओरखडे आहेत, याला आता केवळ चांदीची किंमत. किमतीचे दुःख मला नव्हते. बाईंनी जवळजवळ पन्नास वर्षे जपलेली छटा मी दहा मिनिटांत पुसून टाकली होती.

म्हणून पहिला व एकमेव कडक नियम : नाणे कधीही घासू नये. कडेने धरावे, मधोमध बोट लावू नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. त्यातून कालांतराने हिरवट चिकट थर बसतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतील पारदर्शक खिडक्या स्वस्त व सुरक्षित असतात. आपल्याकडील पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या पुड्या आपल्या व्यवसायात कमी नसतात!

भिंग हाताशी असेल तर चलनातही निदान करण्याजोगे पुष्कळ सापडते. २००० साली काही १ डॉलरच्या नाण्यांवर राणीची बाजू चुकून १० सेंटच्या ठशाने उमटली. १० सेंटचे नाणे किंचित लहान असल्याने तेथे कडेला दुहेरी वर्तुळ दिसते. त्याच वर्षीच्या सहस्रक-स्मारक ५० सेंटवर काही नाण्यांत ध्वजातील क्रॉस उठावाऐवजी खोलगट आहेत. मला यांपैकी एकही मोडीत सापडलेले नाही. शोध चालू आहे. २०१३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या साठाव्या वर्षानिमित्त जांभळ्या वर्तुळाचे २ डॉलरचे नाणे आले, तेव्हापासून रंगीत नाणीही चलनात भेटतात. त्यांचा रंग मात्र वापराने उडतो.

टांकसाळीचे प्रूफ संच दिसायला देखणे असतात : आरशासारखी पार्श्वभूमी, त्यावर धुकट उठाव. प्रूफ ही नाण्याची अवस्था नसून ते पाडण्याची पद्धत आहे, हे ध्यानी ठेवावे. आरंभी त्यावर पैसा खर्चू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खास सोहळ्यांसाठी काढलेल्या, कधीच चलनात न येणाऱ्या नाण्यांचा बाजार मोठा आहे आणि त्यांतील बहुतेकांना पुढे खरेदीची किंमतही येत नाही. कॅनबेराला गेलात तर टांकसाळीत थोडे जादा पैसे देऊन १ डॉलरचे नाणे स्वहस्ते पाडता येते. तो आनंद जरूर घ्यावा.

नातवंडांसाठी २०१९ ची इंग्रजी मुळाक्षरांची २६ नाण्यांची मालिका उत्तम. 'सी' साठी क्रिकेट, 'व्ही' साठी व्हेजिमाइट. माझी नात दूरध्वनीवर मराठीत दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. आता कोणते अक्षर सापडले, कोणते राहिले, हे ती मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, पण सविस्तर सांगते. आमच्याकडे 'क्यू' आणि 'एक्स' अद्याप यायचे आहेत. सभासदांपैकी कोणाची मुले तिकडे असतील, तर त्यांनी आपल्या बरण्या जरूर चाळाव्यात. बदल्यात देण्यासाठी माझ्यापाशी कांगारू पुष्कळ आहेत.