कात्रणवही सुटी करू नका

अलेक्झांडर गम्बी न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहायचा. कधी बटलर, कधी टपाल खात्यात नोकर. हाताशी पैसा बेताचाच, पण कृष्णवर्णीयांबद्दल कुठे काही छापून आलं की ते कापून वहीत चिकटवायचं, हा ध्यास त्यानं आयुष्यभर सोडला नाही. कृष्णवर्णीय नर्तकी जोसेफिन बेकरच्या यशाच्या बातम्या त्यानं जपल्या, तशा जमावानं माणसं मारल्याच्या बातम्याही. १९५० मध्ये त्यानं हा सगळा संग्रह कोलंबिया विद्यापीठाला दिला. आज तिथे त्याच्या सुमारे तीनशे कात्रणवह्या आहेत.

अमेरिकेत हा छंद त्याच्या आधीपासून घरोघर होता. मार्क ट्वेननं तर १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करायचं, कात्रण दाबायचं, झालं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनी यांच्या तेहतीस कात्रणवह्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

मात्र अशी वही जपणं हे अभिलेखागारातलं अतिशय अवघड काम आहे, कारण तिचे शत्रू तिच्या पोटातच असतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडानं आणि हवेनं तपकिरी पडतं आणि कागदात आम्ल वाढत जातं. हे आम्ल शेजारच्या कागदातही उतरतं. जुनी वही उघडली तर समोरच्या कोऱ्या पानावर कात्रणाच्या आकाराचा पिवळसर चौकोन उमटलेला दिसतो, तो याच कारणानं. लांब बातमी घडी घालून चिकटवलेली असेल, तर नेमकी घडीवरची ओळ तुटते. चिकटपट्टीचं प्लास्टिक कालांतरानं गळून पडतं, पण तिचा चिकटा कागदात मुरून कायमचा डाग ठेवतो. शिवाय कात्रणांनी फुगलेली वही बांधणीतून निखळते ती वेगळीच.

मग पानं सुटी करून पत्रं पत्रांच्या फायलीत, फोटो फोटोंच्या खोक्यात का ठेवू नयेत? पूर्वी अनेक ठिकाणी तसंच केलं गेलं, आणि त्यात न भरून येणारं नुकसान झालं. सुटी बातमी जुन्या अंकात किंवा मायक्रोफिल्मवर बहुधा सापडते. पण एकाच घटनेची गोऱ्यांच्या वृत्तपत्रातली बातमी आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातली बातमी कुणी मुद्दाम शेजारी-शेजारी लावली असेल, तर ती मांडणी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. संग्राहकाचं म्हणणं त्या मांडणीतच असतं.

म्हणून आता वही आहे तशी ठेवण्याकडे कल असतो. हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घेतात, घडी उघडून आतल्या मजकुराचाही. पानांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालतात, पण बेतानं, नाहीतर बांधणीवर आणखी ताण येतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद लावतात, तोही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं, कारण ती पुढे पाण्यानं सोडवता येते. मग मापानं बनवलेल्या खोक्यात वही आडवी, थंड आणि कोरड्या जागी ठेवतात.

आपल्याकडेही आजोबांची क्रिकेटची किंवा आजीची नाट्यपरीक्षणांची वही माळ्यावर पडलेली असते. पावसाळ्यात तिथे दमट हवा शिरते आणि खळीच्या वासानं कसर व झुरळं येतात. ती वही खाली काढा, कपाटात आडवी ठेवा. लॅमिनेशन करू नका, नवी चिकटपट्टी लावू नका. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा. वही कुणी आणि कधी केली, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. पुढेमागे ग्रंथालयाला द्यायची झाली, तर त्या टिपणासकट, अख्खी द्या.