पाठीवरची पडशी

गेल्या माघांत आमच्या ठाण्याच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. धाकट्या भावाची मुलगी नुकतीच पदवीधर झाली आहे. एके रात्रीं जेवतांना तिनें जाहीर केलें कीं, पाठीवर सॅक टाकून आपण एकटीच आठ दिवस चेन्नई पाहून येणार. तेथें ओळखीचें घर नाहीं, ठरविलेली मोटार नाहीं. बसनें व पायीं हिंडावयाचें, मिळेल तेथें इडली खावयाची आणि स्वस्तांतली खोली पाहून रात्र काढावयाची. तिची आई गप्प राहिली. माझ्या आईच्या हातांतला घांस मात्र हातांतच राहिला. "अगो, खांद्यावर पडशी टाकून हिंडतात ते गोसावी. तुला घरांत काय उणें आहे?"

निवाडा माझ्याकडे आला. मीं तोड काढली ती अशी: प्रथम तिनें ठाण्याहून कल्याणपर्यंत दोन दिवस त्याच रीतीनें चालून दाखवावें. मी मागें असेन. परंतु वाट सांगणार नाहीं, पैसे देणार नाहीं. आणि मध्यें डोंबिवलीस आमचीं नात्याचीं पांच घरें आहेत, त्यांपैकीं एकाच्याहि दारीं जावयाचें नाहीं.

वास्तविक ठाण्याहून पडशी घेऊन दक्षिणेस जाण्याचा पायंडा फार जुना आहे. इटलींतील पोर्देनोने गांवचा ओदोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन साधु १३२२ च्या सुमारास होर्मुझहून गलबतानें अठ्ठावीस दिवसांत ठाण्यास उतरला. त्याच्या पंथाचे चार साधु १३२१ सालीं येथें मारले गेले होते. ओदोरिकानें त्यांच्या अस्थी गोळा करून गांठोड्यांत बांधल्या, आणि तें गांठोडें घेऊन तो मलबारांतील कोल्लमास, तेथून संत थोमाच्या समाधीच्या मुलुखांत, व अखेर थेट चीनपर्यंत गेला. ती समाधि आजच्या चेन्नईंतील मैलापुरास आहे. म्हणजे आमच्या पुतणीला जावयाचें तेथेंच! ही हकीकत मीं मोठ्या उत्साहानें आईस सांगितली. "तो साधुच होता कीं," एवढेंच ती म्हणाली.

कोपिनेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही मासुंदा तळ्याच्या कांठानें निघालों. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला आज तुरुंग आहे. त्रिंबकजी डेंगळे १८१६ सालीं तेथूनच निसटले. खाडीवरचा पूल ओलांडून कळव्यास पोचतों न पोचतों तोंच मुलगी रस्त्याकडेला बसली. निघतांना वाण्याच्या कांट्यावर तिची पिशवी अकरा किलो भरली होती. एक जाड चादर, दोन पुस्तकें आणि जादा बूट तिनें माझ्यापुढें केले. मीं हात पुढें केला नाहीं. ती उठून चालूं लागली.

आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास आली, तेव्हांपासून या वाटेनें चालण्याचें कारणच उरलें नाहीं. रुळांनीं अंतर सुमारें वीस किलोमीटर. रस्त्यानें बरेंच अधिक. मुंब्र्यापर्यंत एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्यें ट्रकांची धूळ. रम्य म्हणावें असें फारसें कांहीं नाहीं. शिळफाट्यावरून डोंबिवली गांठेपर्यंत दिवेलागण झाली.

खरी परीक्षा तेथें होती. पहिल्या लॉजवरील कारकुनानें एकट्या मुलीस खोली देत नाहीं म्हणून स्पष्ट सांगितलें. मी दहा पावलांवर उभा होतों; एक शब्द बोललों असतों तर काम झालें असतें. तिनें मागें वळूनहि पाहिलें नाहीं. "तसा नियम लेखी आहे का?" असें विचारून ती निघाली, आणि तिसऱ्या ठिकाणीं तिला खोली मिळाली. त्या रात्रीं माझा डोळा लागला नाहीं हें येथें कबूल करतों. सकाळीं तिनें चादर, पुस्तकें व बूट टपालानें घरीं पाठवून दिले. पिशवी सहा किलोंवर आली.

दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत कल्याण आलें. शिवछत्रपतींनीं १६५७ सालीं घेतलेलें हें बंदर. दुर्गाडीवरून उल्हासची खाडी अजून तशीच रुंद दिसते. तेथें बसल्यावर आनंदीबाई जोश्यांचा विषय निघाला. याच गांवांत वाढलेली ती मुलगी १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, घरचें एकहि माणूस बरोबर नसतां कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेस लागली आणि १८८६ सालीं डॉक्टर झाली. पुतणीनें हा दाखला आजीसाठीं जपून ठेवला.

घरीं येऊन तिनें तो मांडला. आईनें शांतपणें ऐकून घेतलें. "आणि परत आल्यावर किती दिवस जगली, तेंहि सांग."

आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारींत गेल्या. बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. आमच्यापैकीं कोणाच्यानेंच उत्तर देववेना.

दुसऱ्या दिवशीं पहांटे स्वयंपाकघरांत दिवा दिसला. आई दुधांत कणीक मळीत होती. पुतणी दारांत येऊन उभी राहिली, तेव्हां मान वर न करतांच आईनें विचारलें, "चेन्नईला पोचायला किती दिवस लागतात? दशम्या कशा टिकतात तें करून बघत्यें. आणि त्या पिशवींत आणखी किती वजन चालेल?"