ध्रुवीय वस्त्यांतील सांडपाणी : उन्हाळ्यावर विसंबलेले शुद्धीकरण

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावुत प्रदेशात सांडपाण्याची विल्हेवाट हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, तर अन्नसुरक्षेचाही प्रश्न आहे. 1999 मध्ये अस्तित्वात आलेल्या या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर असले, तरी 2021 च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या 37 हजारांहूनही कमी आहे. बहुसंख्य रहिवासी इन्युइट समाजाचे असून ते 25 विखुरलेल्या वस्त्यांत राहतात. या वस्त्यांना जोडणारे रस्ते नाहीत. विमानसेवा वर्षभर असते. मालवाहू जहाजे मात्र समुद्रावरील बर्फ वितळल्यावरच पोहोचतात.

येथील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. त्यामुळे भूमिगत गटारे बांधणे अत्यंत कठीण आणि खर्चिक ठरते. नळातील पाणी गोठते आणि ते उबदार ठेवावे, तर त्या उष्णतेने भोवतालची जमीन वितळून खचते. म्हणूनच बहुतेक वस्त्यांत प्रत्येक घराला दोन टाक्या असतात. एका टाकीत टँकरने पिण्याचे पाणी भरले जाते, तर दुसरीतील मैलापाणी दुसऱ्या टँकरने उपसून वस्तीबाहेरील तलावात सोडले जाते.

हा तलाव हेच तेथील शुद्धीकरण केंद्र होय. हिवाळ्यात तापमान उणे 30 अंश सेल्सियसखाली उतरते आणि तलाव गोठतो. जिवाणूंचे कार्य जवळजवळ थांबते व तलाव निव्वळ साठवणीपुरता उरतो. त्यामुळे त्याची क्षमता साधारणतः वर्षभराचे सांडपाणी मावेल इतकी ठेवावी लागते. एक हजार वस्तीच्या गावात माणशी रोज 100 लिटर वापर गृहीत धरल्यास हे प्रमाण वर्षाला 3 कोटी 65 लाख लिटर होते.

उन्हाळ्यात मात्र चित्र पालटते. बर्फ वितळतो आणि अनेक वस्त्यांत काही आठवडे सूर्य मावळतच नाही. या अखंड प्रकाशात शेवाळ वाढून प्राणवायू निर्माण करते व त्याच्या साहाय्याने जिवाणू सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. जड गाळ तळाशी बसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, पुन्हा गोठण्यापूर्वी, वरचे पाणी हळूहळू बाहेर सोडण्यात येते. अनेक ठिकाणी ते गवत आणि शेवाळ्याने व्यापलेल्या पाणथळ जमिनीतून पाझरत समुद्राकडे जाते व वाटेत आणखी शुद्ध होते.

ही वेळ साधणे महत्त्वाचे असते. पाणी लवकर सोडल्यास शुद्धीकरण अपुरे राहते. उशीर झाल्यास तलाव पुन्हा गोठतो आणि पुढील हिवाळ्यासाठी जागा उरत नाही. याच किनाऱ्यावर स्थानिक लोक मासे आणि सील यांची शिकार करतात, तसेच शिंपले गोळा करतात. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवत असल्याने दूषित पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठू शकतात. विमानाने येणारे अन्न महाग असल्याने या शिकारीला पर्याय सोपा नाही.

यांत्रिक प्रकल्प हा सर्वत्र उपाय ठरत नाही. त्यासाठी अखंड वीज, प्रशिक्षित कर्मचारी व सुटे भाग लागतात. एखादा भाग बिघडल्यास तो येईपर्यंत शुद्धीकरण खोळंबू शकते. कॅनडाने 2012 मध्ये सांडपाण्यासाठी देशव्यापी मानके लागू केली, तेव्हा तेथील विशेष हवामान लक्षात घेऊन नुनावुतला त्यांतून वगळण्यात आले.

तापमानवाढीमुळे मात्र नवी चिंता उद्भवली आहे. गोठलेल्या जमिनीच्या आधारावर उभे असलेले तलावांचे बांध ती वितळू लागल्यास कमकुवत होऊन झिरपू शकतात. उन्हाळा लांबल्याने जिवाणूंना अधिक अवधी मिळेल. पण बांधच टिकला नाही, तर त्या अवधीचा उपयोग होणार नाही. म्हणूनच बांधांची नियमित तपासणी, गाळाचा वेळेवर उपसा आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही कामे या साध्या व्यवस्थेइतकीच महत्त्वाची आहेत.