ओहोटीला उघडणारे जंगल

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, अगदी खालच्या टोकाजवळ, क्युरिओ बे नावाचा छोटा किनारा आहे. इथे यायचे तर आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते. भरती असली तर समोर फक्त खवळलेले पाणी दिसते. ओहोटी लागली की करडा कातळ हळूहळू उघडा पडतो आणि त्यावर झाडांचे बुंधे दिसू लागतात. हे बुंधे दगडाचे आहेत. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी ती झाडे जिथे उगवली, तिथेच त्यांची मुळे अजून रोवलेली आहेत.

इन्व्हरकार्गिल शहरातून पूर्वेकडे निघाले की तास-दीड तासात इथे पोचता येते. वाटेत मेंढ्यांची कुरणे, मधूनच एखादे घर, आणि दक्षिणेच्या वाऱ्याने एकाच दिशेला कायमची झुकलेली झाडे. समोरच्या समुद्रात मधली काही बेटे सोडली, तर पुढची जमीन अंटार्क्टिकाची. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातही, जालन्याहून आलेल्या माणसाला कानटोपी काढवत नाही.

पायऱ्या उतरून कातळावर आले की पहिल्यांदा काहीच कळत नाही. सगळा खडक सारखाच दिसतो. मग नजर बसते. एक बुंधा गुडघ्याइतकाही उंच नाही, पण त्याच्या कापल्यासारख्या माथ्यावर वर्षावलये स्पष्ट आहेत, एकात एक, काही रुंद, काही अगदी दाटीची. रुंद वलय म्हणजे चांगले वर्ष, दाट वलय म्हणजे ओढीचे. पाऊसपाण्याचा हिशेब लावणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वाचायला कुणी शिकवावे लागणार नाही. शेजारी एक लांबलचक ओंडका आडवा पडलेला आहे. त्याचे लाकडाचे धागे, गाठी, सालीच्या भेगा सगळे जागच्या जागी. हात लावला तर थंडगार गारगोटी. त्याच्या पलीकडे लाटांबरोबर केल्प या समुद्री शैवालाचे चामड्यासारखे जाड, तपकिरी पट्टे उलटेपालटे होत असतात.

लाकडाचा दगड होतो कसा? त्या काळी हा भाग गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या पूर्व कडेवरचे सपाट, नद्यांनी भरलेले मैदान होता. जवळपास ज्वालामुखी होते. त्यांच्या उतारांवर साठलेली राख मुसळधार पावसात चिखल होऊन खाली लोटली आणि जंगल गाडले गेले. गाडलेल्या लाकडाला हवा मिळाली नाही, म्हणून ते कुजले नाही. राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. ती लाकडाच्या पेशीपेशीत शिरून तिथेच घट्ट झाली. लाकूड गेले, त्याचा आराखडा राहिला. वर चिखलावर नवे जंगल उगवले, तेही गाडले गेले. अभ्यासकांच्या मते सुमारे २० हजार वर्षांत असे निदान चार वेळा घडले. किनाऱ्यामागच्या कड्यात त्या जंगलांचे थर एकावर एक दिसतात. पुढे जमीन उचलली गेली, आणि अलीकडच्या काही हजार वर्षांत समुद्राने वरचे मऊ थर खरवडून हे तळघर उघडे केले. लाटा अजूनही तेच काम करीत आहेत. ज्या समुद्राने जंगल दाखवले, तोच ते झिजवतोही आहे.

जालन्याच्या मापाने हे वय मोजून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे विहीर खणली की माती संपते, मुरूम लागतो आणि मग काळा कातळ. तो कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा, दख्खनचा पठारी बसाल्ट. आपण त्याला अनादी समजतो. क्युरिओ बेची झाडे त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट जुनी आहेत. ती उभी होती तेव्हा जालन्याचा दगड अजून जमिनीच्या पोटात वितळलेलाही नव्हता.

त्या जंगलात काय नव्हते, ही यादी अधिक चकित करणारी आहे. गवत नव्हते. फुले नव्हती, म्हणून फळेही नव्हती. मोसंबी, कापूस, ज्वारी, तूर, ज्यांच्यावर जालन्याचा बाजार आणि बियाण्यांचा धंदा उभा आहे, त्या सपुष्प वनस्पतींचा अजून जन्म व्हायचा होता. पक्ष्यांचे आवाज नव्हते. होते ते शंकूधारी वृक्ष, खाली वृक्षनेचे आणि सायकस. त्या वृक्षांचे आप्त आजही जिवंत आहेत. न्यूझीलंडच्या उत्तरेकडचा प्रचंड कौरी वृक्ष त्यांच्या गोतावळ्यातला. दुसरा आप्त तर आपल्या घरी येऊन बसला आहे. जालन्यातल्या कुठल्याही बऱ्या नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळणारे, मजल्यामजल्याने फांद्या फुटणारे झाड म्हणजे अरौकेरिया. त्याची एक जात मूळची नॉरफोक बेटावरची, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधली. बंगल्याच्या फाटकाशी ठेवलेली ती कुंडी आणि या कातळावरचे बुंधे एकाच वंशवृक्षावर येतात.

न्यूझीलंड समजून घ्यायचे तर सुरुवात अशीच दगडापासून करावी लागते. गोंडवन हे नाव शास्त्रज्ञांनी आपल्याच मध्य भारतातल्या गोंड प्रदेशावरून घेतले. त्या महाखंडाचे तुकडे होत गेले. भारत उत्तरेकडे निघाला, आणि सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी न्यूझीलंडचा भूभाग सुटून समुद्रात एकटा पडला. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी माणसाच्या आधी इथे नव्हता. म्हणून पक्षी जमिनीवर उतरले, काही उडणेच विसरले. माणूस आला तो १३व्या शतकाच्या सुमारास, म्हणजे देवगिरीवर यादव राज्य करीत होते तेव्हा. पॉलिनेशियातून होड्यांनी आलेल्या माओरींनी हा देश वसवला आणि काही पिढ्यांतच मोआ नावाचे महाकाय पक्षी शिकारीने संपले. नंतर युरोपीय आले, त्यांच्याबरोबर करवती, मेंढ्या आणि मांजरे आली. क्युरिओ बे ज्या भागात आहे त्या कॅटलिन्सचे नाव एडवर्ड कॅटलिन या देवमाशांच्या शिकारी जहाजाच्या कप्तानावरून पडले. त्याने १८४० मध्ये इथे जमीन घेतली होती. मागच्या डोंगरांवरचे पुष्कळ जंगल पुढे तोडून विकले गेले. जे उरले, त्याच्याबद्दल हा देश आज हळवा आहे, आणि ते हळवेपण नुकसानीतून आलेले आहे.

देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, लोकसंख्या मात्र जेमतेम अर्ध्या कोटीच्या वर. जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा संवर्धन खात्याच्या देखभालीखाली आहे. हे खाते १९८७ मध्ये स्थापन झाले. मराठी माणसाला इथे नवल वाटते ते राखणीच्या पद्धतीचे. इतकी मोलाची जागा, पण दगडी जंगलावर जायला तिकीट नाही. बुंध्यांभोवती जाळी नाही. माणसे सरळ त्या कातळावर चालतात. दगडाचा तुकडा उचलून नेणे गुन्हा आहे, हे पाटीवर लिहिलेले असते. बाकी भिस्त येणाऱ्याच्या वागण्यावर. पूर्वी लोकांनी इथून तुकडे नेलेले आहेत, आणि गेलेले लाकूड परत उगवत नाही. तरीही जागा बंद करून टाकण्याऐवजी लोकांना तिची माहिती देत राहावी, हा मार्ग अवघड असला तरी योग्य वाटतो. जो त्या वलयांवरून एकदा बोट फिरवतो, तो सहसा तिथे छिन्नी चालवत नाही.

संध्याकाळी मात्र कातळ दुसऱ्याचा होतो. पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन, माओरी भाषेत होइहो, दिवसभर समुद्रात मासे धरून याच दगडी जंगलावरून आपल्या घरट्याकडे परततो. दोनेक फुटांचा पक्षी, डोळ्यांमागून डोक्याभोवती फिरलेला पिवळा पट्टा. लाटेबरोबर तो कातळावर येतो, क्षणभर थांबून आजूबाजूला पाहतो आणि दोन्ही पंख मागे टाकून बुंध्यांमधून डुलत झुडपांत शिरतो. त्याच्या वाटेत माणूस उभा असला तर तो पाण्याबाहेर येतच नाही, आणि आतली पिले उपाशी राहतात. म्हणून त्याच्यापासून निदान ५० मीटर लांब राहा, कुत्रे आणू नका, अशा सूचना आहेत. उन्हाळा सरताना पिसे झडायची वेळ येते. तेव्हा तो तीन-चार आठवडे पाण्यात उतरू शकत नाही, उपाशीच किनाऱ्यावर उभा राहतो. अशा वेळी फोटोसाठी त्याला हुसकावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

हा पक्षी इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे. २०१९ आणि २०२४ अशा दोन वर्षी लोकांनी मतदानातून त्याला ‘वर्षाचा पक्षी’ निवडले. पण मुख्य भूमीवरची त्याची संख्या झपाट्याने उतरत चालली आहे. मासेमारीची जाळी, रोगराई, तापत चाललेला समुद्र अशी कारणे सांगितली जातात. दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू या माओरी समाजाशी सरकारने केलेल्या तडजोडीचा कायदा १९९८ मध्ये झाला. त्यात जमिनी आणि भरपाईबरोबर होइहोसारख्या पक्ष्यांशी असलेले त्या समाजाचे नातेही नोंदले आहे. जुन्या अन्यायाच्या भरपाईत पक्ष्यांना जागा मिळते, ही गोष्ट या देशाबद्दल बरेच काही सांगते.

अशी झाडे पाहायला मराठी माणसाने इतक्या लांब यावे, असेही नाही. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, समुद्रपातळीच्या खाली खैराची झाडे सापडली होती, काही उभीच्या उभी. ती दगड झालेली नव्हती, वयानेही फार लहान. क्युरिओ बेचे खरे भावंड गडचिरोलीत आहे. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखत अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेने जाणारी गोदावरी पुढे तेलंगणातून फिरून सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते. तिथे दख्खनच्या लाव्ह्याचे आवरण नाही, त्यामुळे ज्युरासिक, म्हणजे क्युरिओ बेच्याच काळातला खडक उघडा आहे आणि वडधम इथे त्या काळचे दगड झालेले वृक्ष जमिनीवर पडलेले आहेत. वन खात्याने तिथे जीवाश्म उद्यान केले आहे. याच खोऱ्यात, नदीपलीकडे, बारापासॉरस या अवाढव्य डायनासोरची हाडे मोठमोठ्या ओंडक्यांबरोबर सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याच्या जातीला ‘टागोरी’ हे नाव दिले. त्याचा सांगाडा कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा केलेला आहे. झाडे मात्र सिरोंच्यातच आहेत. उन्हाळा टाळून गेले तर ती निवांत पाहता येतात, आणि तिथे ओहोटीची वाट पाहावी लागत नाही.